कोळसेबाबांचं नितळ पाणी

रंगाचे हंडे चुलीवर तसेच उकळत सोडून रंगाऱ्यांची अख्खी गल्ली त्या दुपारी वाळवणाच्या अंगणात लोटली होती. वर दोऱ्यांवर लोकरीच्या ओल्या लडी टांगलेल्या. त्यांचे लाल-निळे थेंब खालच्या डोक्यांवर टपकत होते. एरवी अंगावर एक थेंब पडला तर शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी ही माणसं, पण आज कोणाला डोकं पुसायचीही शुद्ध नव्हती. सगळ्यांचे डोळे समोरच्या विटांच्या ओट्याकडे लागले होते आणि ओट्यावर कोळसेबाबा बसले होते.

बाबा अंगाने भरलेले, दाढी विंचरलेली, कपडे पांढरेशुभ्र. दिवसभर कोळशात हात घालणाऱ्या माणसाचे कपडे इतके पांढरे कसे राहतात, हा त्यांचा पहिला चमत्कार. त्याचं रहस्य फक्त त्यांच्या शिष्याला ठाऊक होतं, कारण धुणं तोच धूत असे.

दुसरा चमत्कार बाबांनी गेले काही दिवस घरोघरी केला होता, आज तो सगळ्यांसमोर व्हायचा होता. शिष्याने गल्लीच्या विहिरीचं पाणी काचेच्या बरणीत भरून सगळ्यांसमोर फिरवलं. पाणी लालसर होतं. त्याचं गल्लीला काही नवल नव्हतं. रंगाचं सांडपाणी मागच्या खड्ड्यात ओतायचं आणि प्यायचं पाणी पुढच्या विहिरीतून शेंदायचं, हे इथे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. मध्ये जमीन होती आणि ती काय ते गाळून घेईल असा सगळ्यांचा भरवसा होता. अलीकडे जमिनीनेही हात टेकले होते.

बाबांनी डबीतून काळ्या भुकटीची मूठ भरली आणि बरणीत सोडली. "हे तमभस्म," ते म्हणाले. "एका झाडाचं आहे, ते झाड मी दाखवणार नाही. एका डोंगरावरचं आहे, त्या डोंगराचं नाव मी घेणार नाही. एवढंच सांगतो, की काळ्याच्या पोटात सगळे रंग मावतात. पांढऱ्याच्या पोटात एकही मावत नाही." बाबांच्या बोलण्यात माहिती कमी आणि गुपितं फार असत, त्यामुळे ऐकणाऱ्याला आपल्याला पुष्कळ काही कळलं असं वाटे. मग त्यांनी डोळे मिटून बरणी ढवळली, ओठांतल्या ओठांत बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि ते काळं पाणी चौपदरी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळलं. खाली पडलं ते स्वच्छ, बिनरंगाचं पाणी.

आता खरी हुशारी पुढे होती. बाबांनी ते पाणी स्वतः उंच धरून मिरवलं नाही. पेल्यात ओतून ते त्यांनी आप्पांच्या हातात दिलं.

आप्पा हे गल्लीतले सर्वांत जुने रंगारी. लडी रंगवून झाल्या की त्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून काढतात. शेवटच्या पाण्याचा पेला थोरल्या रंगाऱ्याने पांढऱ्या फडक्यासमोर धरायचा, बघायचं आणि एकच शब्द बोलायचा. तो "नितळ" म्हणाला की काम संपलं, माल बाहेर. तो काही बोलला नाही तर लडी परत पाण्यात. या निकालावर गल्लीत कधी कोणी वाद घातल्याचं ऐकिवात नाही. आप्पांनी खांद्यावरचं फडकं पसरलं, पेला धरला, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "नितळ."

अंगणात हुंकार उठला. माणसं बाबांच्या पायांवर पडू लागली. खरं तर ती आप्पांच्या शब्दावर पडत होती, पण पाय बाबांचे होते.

या गर्दीत मागे आप्पांची मुलगी उभी होती. तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती नदीपलीकडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे आणि घरी आली तरी शिकवणं थांबवत नसे. सुट्टीला माहेरी आली होती ती भाचीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या काळजीने. भाचीचं लाडकं नाव चिमणी. गेले काही महिने चिमणीच्या ओठांना आणि तोंडात आतून फोड येत होते, पोट दुखायचं, जेवण नको व्हायचं. नदीपलीकडच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की विहिरीचं पाणी बंद करा, नळाचं आणून पाजा. दादा रोज सायकलवर कॅन बांधून पुलापलीकडे जाऊ लागला होता आणि पोरीच्या तोंडाला जरा उतार पडला होता. एवढंच नव्हे, तर डॉक्टरांचं ऐकून गल्लीने सांडपाण्यासाठी पक्की टाकी बांधायचं ठरवून विटाही आणल्या होत्या. तेवढ्यात बाबा आले. देवाने दारात नितळ पाणी दिल्यावर पूल कोण ओलांडतो? सायकल भिंतीला टेकली. टाकीच्या विटांचा बाबांसाठी ओटा झाला. चिमणीला सकाळ-संध्याकाळ तमभस्माचं पाणी सुरू झालं आणि फोड पुन्हा आले. बाबा म्हणाले, आतला विकार बाहेर पडतो आहे.

मास्तरणीला राहवेना. तिने बरणी पाहिली, पाण्याचा उडालेला रंग पाहिला आणि तिथल्या तिथे तिचा निकाल झाला. ती पुढे झाली आणि म्हणाली, "आप्पा, यात भस्मबिस्म काही नाही. हे ब्लीचिंग आहे. रंग उडवायची पावडर कोळशात मिसळली आहे."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मायेने हसून वरच्या दोरीवरून लाल लोकरीचा एक धागा तोडला आणि त्या पाण्यात बुडवला. पेला तिच्या नाकाजवळ नेला आणि विचारलं, "मुली, वास येतो का गं?"

वास येत नव्हता. धाग्याचा रंगही जात नव्हता. ब्लीचिंग असतं तर दोन्ही झालं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि रोज तेच हाताळणाऱ्या सगळ्या रंगाऱ्यांनाही. कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. दादाने मान खाली घातली. वहिनीने नणंदेकडे न बघता पुढे होऊन आपली कळशी बाबांच्या पाण्याने भरून घेतली. मास्तरणीच्या कानशिलांना आग लागली. वर्गात मुलांना रोज बजावायचं, की आधी तपासा, मग बोला. आणि इथे स्वतःच नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊन मोकळी झालेली. जिंकलेल्या माणसाला औदार्य सुचतं, तसं बाबांना सुचलं. त्यांनी भस्माची एक पुडी तिच्या हातावर ठेवली आणि शाळेत नेऊन पूजा करायला सांगितलं.

पुडी तिने शाळेत नेली, पण पूजेसाठी नव्हे. सुट्टीमुळे प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. तिने माहेराहून आणलेलं विहिरीचं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर भस्म टाकलं, मंत्र वगळला, ढवळून थांबली आणि गाळलं. पाणी स्वच्छ. भिंगाखाली पाहिलं तर भस्म म्हणजे बारीक कुटलेला लाकडी कोळसा, वाफेवर भाजून भुसभुशीत केलेला. साखरेचा पाक पांढरा करायला कारखान्यांत हाच वापरतात. त्याच्या एकेका कणात इतकी भोकं आणि भुयारं असतात की चिमूटभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर अख्खं अंगण झाकलं जाईल. पाण्यातला रंग त्या भिंतींना जाऊन चिकटतो. पाणी गाळून घ्या, रंग कोळशाबरोबर मागे राहतो.

म्हणजे बाबांचं पाणी खरोखर स्वच्छ होत होतं. मास्तरीण स्टुलावर बसून राहिली. ढोंगी माणूस खोटं बोलत असला की काम सोपं असतं. तो अर्धं खरं बोलू लागला की पंचाईत होते. आता गल्लीत जाऊन काय सांगायचं? बाबांचा मंत्र खोटा, पण पाणी प्या?

मग चिमणीचं तोंड का सोललं जातंय?

हा प्रश्न मनात आला आणि तिला माहेरचा काळा रंग आठवला. आप्पांच्या घराण्याचा काळा प्रसिद्ध होता. धुऊन जायचा नाही, उन्हात विटायचा नाही. तो पक्का बसावा म्हणून हंड्यात क्रोमचं मीठ टाकत. हंड्यात ते नारिंगी दिसतं, पण विहिरीत पोचेपर्यंत इतकं पातळ होतं की डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. पोटाला मात्र कळतं. तिने कपाटातून दोन बाटल्या काढल्या. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात आधी थोडं आम्ल घातलं आणि मग दुसऱ्या बाटलीतले चार थेंब. क्रोम नसलं तर या थेंबांनी काही होत नाही. असलं तर पाणी जांभळं होतं.

पाणी जांभळं झालं, आणि फिकंबिकं नव्हे. साध्या कोळशाने लाल सदऱ्यातला चोर तेवढा पकडला होता. साध्या कपड्यांतला त्याच्या समोरून चालत गेला होता.

तिला रडूच आलं, कारण त्या क्षणी घरी वहिनी पोरीला प्रेमाने तेच पाणी पाजत असणार हे तिला दिसत होतं. डोळे पुसून ती कामाला लागली. क्रोम कोळशावर बसत नसेल तर कोळशालाच तयार करायला हवं होतं. तिने तोच कोळसा हिराकसाच्या पाण्यात भिजवला, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात. वाळवला आणि बंद भांड्यात पुन्हा भाजला. लोखंड आतल्या भिंतींवर जाऊन बसलं. या कोळशातून गाळलेल्या पाण्यात थेंब टाकले तर जांभळा रंग आला, पण अगदी पुसट. अजून सुधारायला हवं होतं, पण वाट बरोबर होती.

तोवर गल्लीत वेगळंच रामायण झालं होतं. बाबांनी विहिरीत भस्माचं एक पोतंच दोर बांधून सोडलं होतं. थोडे दिवस विहीर स्वच्छ दिसली आणि मग पुन्हा लाल होऊ लागली. कारण उघड होतं. भिंती कितीही असल्या तरी त्या भरतात, आणि भरलेला कोळसा म्हणजे नुसता कोळसा. बाबांचं कारण निराळं होतं. ते म्हणाले की या गल्लीत कोणीतरी शंका घेतली, म्हणून भस्म रुसलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. दादाने बहिणीला निरोप पाठवला की थोडे दिवस येऊ नकोस, लोक बोलतात. जाता जाता त्याने हेही सांगितलं होतं की चिमणीचं पाणी बाबांनी दुप्पट केलं आहे.

निरोप मिळाला त्याच दुपारी मास्तरीण माहेरी आली.

बाबा ओट्यावर होते, गर्दी होतीच. दादा आडवा आला, पण ती त्याला वळसा घालून थेट आप्पांसमोर उभी राहिली. "आप्पा, त्या दिवशी मी न तपासता बोलले. चुकलं माझं," ती म्हणाली. "आज मी काहीच बोलणार नाही. मी करते, निकाल तुम्ही द्या."

आप्पांना मुलीचा राग आला होता, पण निकाल मागायला आलेल्याला त्यांनी आजवर परत पाठवलेलं नव्हतं. त्यांनी फडकं खांद्यावरून काढलं.

तिने विहिरीचं पाणी मागवलं, पर्समधून शाळेतल्या साध्या कोळशाची डबी काढली, ढवळलं, गाळलं. पुटपुटली मात्र नाही. आप्पांनी पेला धरला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "नितळ." या वेळी हुंकार उठला नाही. मंत्रावाचून झालेला चमत्कार लोकांना जरा अपमानकारक वाटतो. बाबा घाईने म्हणाले की भस्माचा कण तिच्या हाताला लागलेला असणार. बाबांच्या भांड्यातलं ताजं पाणी तिने दुसऱ्या पेल्यात घेतलं आणि आप्पांना दाखवलं. तेही नितळ ठरलं. मग तिने दोन्ही पेल्यांत आपल्या बाटल्यांमधले थेंब टाकले.

दोन्ही पेले सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जांभळे झाले.

रंग म्हणजे या लोकांचा जन्माचा धंदा, पण नितळ म्हणून निकाल दिलेल्या पाण्यातून रंग वर येताना त्यांनी पाहिला नव्हता. आप्पांनी दोन्ही पेले पुन्हा फडक्यासमोर धरून पाहिले. मास्तरणीने सांगितलं की हा तुमच्या काळ्यातला क्रोम आहे. तो डोळ्याला दिसत नाही आणि या कोळशात अडकत नाही. चिमणीचं तोंड सोलतोय तो हाच.

बाबा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते शांतपणे हसले. "जांभळा रंग त्या बाटलीतच आहे. कुठल्याही पाण्यात टाका, जांभळंच होणार. नुसती हातचलाखी."

हातचलाखीबद्दल बाबांचं मत तज्ज्ञाचं होतं, त्यामुळे लोकांना ते पटलं. आणि मास्तरणीला कबूल करावं लागलं की आक्षेप अगदी बरोबर आहे. चांगल्या पाण्यावर थेंब टाकून दाखवायला हवेत. पण घाईघाईत निघताना शाळेच्या नळाचं पाणी बरोबर घ्यायचं ती विसरली होती. आणि या गल्लीत विहिरीखेरीज पाणी होतंच कुठे? प्रत्येक घरात तेच. ती रिकामा तिसरा पेला हातात धरून उभी राहिली. दादा म्हणाला, "झालं? आता चल घरी."

तेव्हा वहिनी उठली. बाबांचं जेवणखाण तिच्याकडे होतं. ती ओट्यावर चढली, बाबांच्या पाठीमागे झाकून ठेवलेली सुरई तिने उचलली आणि खाली उतरून नणंदेच्या पेल्यात पाणी ओतलं.

"हे बाबांचं प्यायचं पाणी," ती म्हणाली. "या सुरईला हात लावायचा नाही म्हणून मला बजावलंय. यांचा शिष्य रोज सकाळी पुलापलीकडे जाऊन नळावरून भरून आणतो. मला वाटायचं, काही व्रत असेल. टाका वन्सं, यात टाका थेंब."

थेंब पडले. वहिनीने पेला स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. सगळी गल्ली वाट बघत राहिली. पाणी होतं तसंच राहिलं. वहिनीने आप्पांना विचारलं, "मामंजी, काय म्हणता?"

आप्पांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. वहिनी बाबांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पोरीला दुप्पट पाजायला सांगितलंत. आणि स्वतः हे पीत होतात."

बाबांना त्याच वेळी डोंगराचं बोलावणं आलं. कुठला डोंगर, हे त्यांनी याही वेळी सांगितलं नाही. शिष्य पांढरे कपडे गोळा करत असताना दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या, पण आप्पांनी त्यांना अडवलं. ते म्हणाले, "त्याला मारून काय होणार? त्याने आणला तो कोळसा. विष आपल्या हंड्यातलं आहे. आणि नितळ मी म्हणालो होतो."

हे बोलून ते खाली बसले. मास्तरीण त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांना हिराकसाच्या कोळशाचं सांगितलं. साधा कोळसा क्रोमला धरत नाही, त्याला आधी तयार करावं लागतं. तिला वाटलं होतं की पटवायला बराच वेळ लागेल, पण आप्पा लगेच म्हणाले, "म्हणजे लोकरीसारखं. कोरी लोकर रंग धरत नाही. आधी तुरटीत उकळावी लागते." मास्तरणीने वर्गात हा धडा कितीदा शिकवला होता, पण इतक्या थोडक्यात तिला तो कधी सांगता आला नव्हता.

ओट्याच्या विटा उपसून टाकीचं काम सुरू झालं. हंड्यांतलं सांडपाणी आता जमिनीत सोडायचं नाही असं ठरलं, आणि या वेळी ते पाळलंही गेलं. दादा मुकाट्याने सायकलवर कॅन बांधू लागला. चिमणीच्या तोंडाला पुन्हा उतार पडू लागला. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण होईल.

सगळं सरळ झालं म्हणावं तर गल्ली ती गल्लीच. एके सकाळी मास्तरीण आली तर माहेरी ठेवलेल्या तिच्या थेंबांच्या बाटलीला कोणीतरी फुलं वाहिली होती आणि एक म्हातारी हात जोडून विचारत होती, "बाई, हे गुडघ्यालाही चालतं का?" मास्तरणीने कपाळाला हात लावला. लोकांनी बाबा सोडले होते, सवय सोडली नव्हती.

म्हणून सांगायचं ते साधं आहे. आपल्या डोळ्यांवर विश्वास जरूर ठेवावा, पण डोळ्यांना काय दिसत नाही हेही विचारावं. कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एवढंच बघावं, की तो माणूस स्वतः कुठलं पाणी पितो. मास्तरीण, डॉक्टर किंवा ही गोष्ट सांगणारा, कोणालाही यातून सूट देऊ नये.

वहिनीने ती सूट दिली नाही. मास्तरणीने मातीच्या मडक्यात हिराकसाचा कोळसा भरून विहिरीच्या पाण्यासाठी पहिलं गाळणं बसवलं तेव्हा आप्पांनी पेला फडक्यासमोर धरला, पण ओठ मिटून ठेवले आणि तो सुनेच्या हातात दिला. वहिनीने थेंब टाकले. पाण्यात पुसट, अगदी पुसट जांभळी झाक आली. मास्तरीण चटकन म्हणाली की हे पहिल्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

"कमी आहे ना, वन्सं? मग माझी चिमणी हे पिणार नाही," वहिनी म्हणाली. तिने पेला टाकीत ओतला आणि रिकामा करून परत नणंदेपुढे धरला. "पुन्हा करा."

मास्तरणीला आनंद लपवता आला नाही. तिने पदर खोचला आणि कोळसा पुन्हा भिजत घातला.